माती चालेल, गटार नको

*पत्र:*

*डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. मुलगा अडीच वर्षांचा आहे. मला स्वच्छतेचं जरा जास्तच आहे, हे मान्य करते. फरशी दिवसातून दोनदा फिनेलने, खेळणी एक दिवसाआड धुवायची, पर्समध्ये सॅनिटायझर कायम. तरी जूनमध्ये नर्सरीत घातल्यापासून त्याला दर पंधरा दिवसांनी सर्दी. सासूबाई पन्हाळ्याकडच्या. त्या म्हणतात, "पोराला लोणच्याच्या बरणीगत जपतीस, म्हणून सारखं हुतंय त्याला. आमची पोरं शेणामातीत वाढली, दवाखान्याचं तोंड बघितलं न्हाई." मिस्टर लहानपणी तालमीत जायचे. त्यांचं म्हणणं, प्रतिकारशक्ती अंगासारखी कमवावी लागते, जंतूंशी झुंजल्याशिवाय येत नाही. आता ते त्याला गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पाजायला न्यायचं म्हणतात, आणि दिवाळीत पंधरा दिवस गावाकडं गोठ्यात मोकळं सोडायचं. नणंद त्याच्याही पुढं. ती म्हणते, उरलेल्या लसी देऊच नका, त्यानं नैसर्गिक प्रतिकारशक्ती मरते. खरं कुणाचं?*

*– एक गोंधळलेली आई*

ताई,

तुमच्या सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, मिस्टरांचं पाव, तुमचं पाऊण आणि नणंदबाईंचं शून्य. बेरीज जमत नाही, पण घरच्या वादात ती कधी जमली आहे?

आधी सर्दीचं बोलू, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालंय. नर्सरीत नुकतं घातलेलं मूल वर्षात आठ-दहा वेळा सर्दीनं भरलं तर त्यात काही बिघडलेलं नसतं. सर्दीच्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत आणि एकाशी ओळख झाली म्हणून दुसरा सोडत नाही. ही सर्दी तुमच्या फरशीवरून येत नाही. ती शेजारच्या बाकावरच्या पोराच्या शेंबडातून येते, आणि तिथं तुमचं फिनेल पोचत नाही. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुलांच्या एका मोठ्या गटावर जन्मापासून वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. अगदी लहान वयात मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली. शाळेच्या वयात मात्र घरी राहिलेल्या मुलांपेक्षा कमी झाली आणि तेराव्या वर्षापर्यंत दोन्हीकडची मुलं सारखीच झाली. सर्दीचा हप्ता भरायचाच असतो, कुणी आधी भरतं, कुणी नंतर. तेव्हा "मातीत खेळत नाही म्हणून सर्दी होते" हे सासूबाईंचं निदान चुकलं, आणि "एवढं पुसूनही का होते" हा तुमचा अपराधभावही फुकटच.

मग सासूबाईंचं निम्मं बरोबर कुठं आहे?

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅखन या ब्रिटिश संशोधकानं एक छोटा लेख लिहिला. १९५८ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांवर ब्रिटिश मुलांची माहिती त्याच्याकडे होती. त्यात त्याला दिसलं की ज्या मुलाला मोठी भावंडं जास्त, त्याला परागकणांच्या ॲलर्जीची सर्दी कमी. त्याला वाटलं, थोरली भावंडं धाकट्यांना जंतू आणून देतात आणि त्यातून धाकट्याचं शरीर काहीतरी शिकतं. या विचाराला पुढं 'स्वच्छतेचा सिद्धांत' हे नाव चिकटलं आणि माझ्या मते सगळा घोटाळा त्या नावानं केला. लोकांनी त्याचा अर्थ लावला, हात धुणं वाईट. २००३ मध्ये ग्रॅहम रूक यांनी तीच गोष्ट जास्त नेमकी मांडली. ते म्हणाले, आपल्याला उणीव भासते ती रोगाच्या जंतूंची नाही, तर 'जुन्या मित्रांची'. माती, झाडंझुडपं, जनावरं आणि माणसाचं आतडं यांत लाखो वर्षं आपल्यासोबत राहिलेले, आपल्याला फारसा त्रास न देणारे सूक्ष्मजीव म्हणजे हे मित्र. कशावर तुटून पडायचं आणि कशाकडं कानाडोळा करायचा, हे शरीर त्यांच्या सहवासात शिकतं. दमा आणि ॲलर्जी म्हणजे हा कानाडोळा न जमणं. समोरून परागकण आला तरी शरीर शड्डू ठोकतं.

याचा सगळ्यात सुरेख पुरावा गोठ्यातूनच आला, सासूबाईंना आवर्जून सांगा. अमेरिकेत अमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, खाणंपिणं, राहणी बरीचशी सारखी. फरक एवढाच की अमिश अजून घोड्यांवर आणि घरालगतच्या गोठ्यांवर शेती करतात, हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची, आणि गोठे वस्तीपासून लांब. २०१६ मध्ये दोन्हीकडच्या शाळकरी मुलांचा अभ्यास छापून आला. हटराइट मुलांत दम्याचं प्रमाण शंभरात सुमारे २१, अमिश मुलांत सुमारे ५. संशोधकांनी दोन्ही घरांतली धूळ गोळा करून उंदरांच्या नाकात घातली, तर अमिश घराच्या धुळीनं उंदरांचं दम्यासारख्या आजारापासून रक्षण केलं. नुसत्या धुळीनं! गोठ्याशेजारचं अंगण, चुलत भावंडांची गर्दी, परसातली कोंबडी या गोष्टींत पोराचं नुकसान नाही, झाला तर फायदाच आहे. फक्त एक ध्यानात घ्या. हा परिणाम बाळ पोटात असल्यापासून पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सर्वांत ठळक असतो आणि तो रोजच्या सहवासाचा असतो. दिवाळीच्या पंधरा दिवसांत पोरगं अमिश होणार नाही. आणि गावच्या घरात चूल पेटत असेल तर धुराजवळ त्याला बसवू नका. गोठ्यानं कमावलेलं धूर घालवतो.

आता निम्मं चूक कुठं, ते. वरचे सगळे पुरावे ॲलर्जीचे आणि दम्याचे आहेत. जुलाब, टायफॉईड, कावीळ, न्यूमोनिया यांना तोंड द्यायची ताकद मळक्या हातांनी वाढते, असं त्यातला एकही अभ्यास सांगत नाही. उलट पुरावा मात्र आपल्याच देशात आहे, आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो. पोलिओचे थेंब स्वच्छ देशांत तीन-चार डोसांत काम करून गेले. उत्तर प्रदेश-बिहारच्या दाट वस्त्यांत आठ-आठ, दहा-दहा डोस घेतलेल्या काही मुलांनाही पोलिओ झाला. याचं एक मोठं कारण म्हणजे त्या पोरांची आतडी इतर जंतूंनी आणि सततच्या जुलाबांनी इतकी गजबजलेली असायची की लसीतल्या विषाणूला तिथं पाय रोवायला जागाच मिळायची नाही. जंतूंच्या गर्दीत राहून प्रतिकारशक्ती तल्लख होत असती, तर या मुलांची देशात सगळ्यात तल्लख असायला हवी होती. शेवटी देशातला रानटी पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्यात सापडला आणि मग तो थांबला, पण त्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागल्या! आतड्याला सतत मार बसला की त्याची लव झिजते, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि मूल खुरटतं.

तेव्हा प्रश्न "जंतू हवेत की नकोत" असा विचारूच नका. कुणाचे जंतू, असं विचारा. अंगणातल्या मातीतले, झाडावरचे, घरच्या कुत्र्याच्या अंगावरचे, आजीच्या मुक्यातले (आजी खोकत नसेल तर) चालतील. माणसाच्या विष्ठेतून, गटारातून, कच्च्या मांसातून आलेले नकोत. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली, ती पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळे. त्यातून कुणाची प्रतिकारशक्ती 'कमावली' गेली नाही, माणसं मात्र गेली. २०१९ आणि २०२१ चे महापूर तुम्ही बघितलेत. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत, गटार, मेलेली जनावरं सगळं एक होतं, आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू आत शिरतो. पोराला पावसाच्या डबक्यात उड्या मारू द्यात, पण पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं असेल तर त्याला कडेवरून खाली ठेवू नका.

सासूबाईंच्या दुसऱ्या वाक्याबद्दल थोडं जपून बोलते. "आमची पोरं दवाखान्याचं तोंड न बघता वाढली" हे त्या खोटं सांगत नाहीत. पण १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० मध्ये तो आकडा २८ वर आला. त्या काळच्या बहुतेक घरांत एखाद्या बाळाचं नाव कुणी घेत नाही. जी वाचली ती आज सोप्यात बसून सांगतात की मातीत वाढलो आणि धडधाकट राहिलो. जी गेली त्यांना सांगायला कुठून येता येणार? हा मुद्दा वादात जिंकायला वापरू नका, ताई. सासूबाईंच्या पोटातही तसं एखादं दुःख असू शकतं.

मिस्टरांचा पाव भाग. त्यांना त्यांच्याच भाषेत समजावू. प्रतिकारशक्ती म्हणजे दंड-मांडीची ताकद असती तर त्यांचं बरोबर ठरलं असतं. ती ताकदीपेक्षा डाव ओळखण्यासारखी आहे. समोरचा पट काढायला वाकतोय की ढाक लावायच्या बेतात आहे, हे क्षणात कळणं. आणि प्रत्येक जंतूचा डाव निराळा. शंभर सर्द्या झेललेल्या शरीराला गोवराचा डाव कळत नाही. आता सांगा, कुठला वस्ताद अडीच वर्षांच्या पोराची जोड थेट खासबागेत हिंदकेसरीशी लावतो? तो आधी पोराला स्वतःच्या अंगावर घेतो, डाव दाखवतो, धरतो, सोडतो, पुन्हा दाखवतो. लस म्हणजे हेच. डाव तोच, पण समोरचा चीत करायला आलेला नाही.

काही डाव तर झुंजूनही शिकता येत नाहीत. धनुर्वात घ्या. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात सर्रास असतात, गोठ्यात तर हमखास. पण रोज शेणात हात घालणाऱ्यालाही त्याची प्रतिकारशक्ती येत नाही. इतकंच काय, धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो, कारण त्याचं विष इतक्या कणभर मात्रेत जीव घेतं की शरीराला त्याची ओळख पटायला तेवढं पुरत नाही. म्हणून बरं झालेल्यालाही लस टोचावी लागते. पूर्वी बाळाच्या नाळेला शेण-राख लावायची रीत होती आणि कितीतरी बाळं त्यानं जायची. २०१५ मध्ये भारत नवजात बाळांच्या धनुर्वातापासून मुक्त ठरला तो आयांना लस देऊन आणि स्वच्छ बाळंतपणं करून.

आणि तालमीतल्या मातीचं म्हणाल तर ती काही रस्त्यावरची माती नसते, हे मिस्टर मला सांगतील. चाळलेली, रोज खणलेली, तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून राखलेली. अंगावर गजकर्ण उठलेल्या पोराला चांगला वस्ताद हौदात उतरू देत नाही. म्हणजे ज्या जागेची ते साक्ष काढतात, तिथंही स्वच्छतेचा नियम होताच.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 'अ' प्रकारची कावीळ लहानपणी झाली तर बहुतेकदा कळतही नाही, आणि मोठेपणी झाली तर माणूस आडवा होतो. पूर्वी आपल्याकडे सगळ्यांना ती लहानपणीच होऊन जायची. आता पाणी सुधारलेल्या घरांतली पोरं ती न होता मोठी होतात आणि वसतिगृहात गेल्यावर गाठली जातात. या एका बाबतीत जुनी घाण 'उपयोगी' होती, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. फक्त त्याच पाण्यातून टायफॉईड आणि जुलाबही येत होते, आणि 'अ' काविळीला आता लस आहे.

नणंदबाईंना शून्य दिलं त्याचं कारण गोवर. गोवर 'नैसर्गिकपणे' झाला तर गोवराची प्रतिकारशक्ती मिळते, खरं आहे. पण तो जाताना आधीची कमाई पुसून जातो. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधीचं आणि नंतरचं तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं (जंतू ओळखून त्यांना अडवणारी रक्तातली प्रथिनं) नाहीशी झालेली आढळली. म्हणजे इतक्या वर्षांच्या सर्द्या-खोकल्यांतून जे शिकलं, ते शरीर विसरलं. लस घेतल्यावर असं होत नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवर पसरला आणि त्यात मुलं दगावली. लसीनं नैसर्गिक प्रतिकारशक्ती मरत नाही, गोवरानं मात्र मरते. नणंदबाईंना एवढं पुरे.

धारोष्ण दुधाचं उत्तर सरळ देते. नाही. गंगावेशीतला कट्टा म्हणजे कोल्हापूरची शान, समोर म्हैस, समोर धार, पाण्याचा थेंब नाही, याचा मलाही अभिमान आहे. पण भेसळ नसणं वेगळं आणि जंतू नसणं वेगळं. म्हैस दिसायला धडधाकट असली तरी तिच्या दुधातून ब्रुसेलोसिस येऊ शकतो, महिनोन् महिने चढउतार करणारा ताप आणि धरलेले सांधे. जनावरांचा क्षयही याच वाटेनं येतो. मिस्टर इंटरनेटवरून शोधून काढतील की युरोपात शेतावरचं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांत दमा कमी दिसला. दिसला, खोटं नाही. पण तेच संशोधक मुलांना कच्चं दूध द्या असं म्हणत नाहीत. कट्ट्यावरचं दूध किटलीत घ्या, घरी आणून उकळा, वर साय धरू द्या. चवीत थोडं उणं येईल, चालवून घ्या.

आता तुमचं पाऊण आणि उरलेला पाव. साबणानं हात धुण्याचा तुमचा हट्ट सोडू नका, पण तो योग्य वेळेवर आणा. शी-शूनंतर, जेवायच्या आधी, बाहेरून आल्यावर आणि जनावराला हात लावल्यावर. नखं आठवड्याला कापा. रविवारी तांबडा-पांढरा करायचा असतो त्या दिवशी कच्चं मटण कापलेली विळी आणि पाट साबणानं धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका. पोराच्या पोटाच्या दृष्टीनं फरशीपेक्षा तो पाट कितीतरी महत्त्वाचा. पाणी उकळून किंवा गाळणी यंत्राचं. आणि जंताची गोळी सहा महिन्यांनी एकदा. अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास मिळते, चुकली तर डॉक्टरांना विचारून द्या.

फिनेल मात्र बंद करा, निदान रोजचं. साध्या पाण्यानं पुसलेली फरशी पुरते. त्या उग्र वासांनी उलट लहान मुलांची श्वासनळी चिडते. खेळणी चिकट दिसली की धुवा. सॅनिटायझर प्रवासापुरता, आणि मुलाच्या हाती लागणार नाही असा, कारण पोटात गेला तर विषच आहे. जुलाबाच्या काही विषाणूंवर तो साबणाएवढा चालतही नाही. खाली पडलेली चकली उचलून तोंडात घातली तर घराच्या आत किंचाळू नका. एसटी स्टँडवर किंचाळा.

आणखी एक, ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. दर सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. सर्दी विषाणूंची, त्यांना ते औषध लागूच पडत नाही. मरतात ते पोटातले जुने मित्र, ज्यांच्यासाठी आपण एवढा गोठ्यापर्यंत प्रवास करतोय. आपल्याकडे औषधाच्या दुकानात "मागच्या वेळचंच द्या" म्हणून बाटली मिळते, याचा मला मनापासून राग आहे. ताप तीन दिवसांवर गेला, श्वास जोरात चालायला लागला, बरगडीखाली खड्डा पडायला लागला, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर घरात वाद न घालता लगेच दवाखाना. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला किंवा वजन वाढायचं थांबलं, तर ती नेहमीची नर्सरीची सर्दी नाही, तिचा शोध घ्यायला हवा. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही.

दिवाळीला गावी जा. निघण्यापूर्वी लसीकरणाचं कार्ड उघडून बघा. दीड वर्षाचा बूस्टर आणि गोवराचा दुसरा डोस झालेला असला तर पोराला गोठ्यात सोडा, वासराला चारा घालू द्या, मातीचा किल्ला करू द्या, कपडे मळले तर मळू द्या. पायात चप्पल हवी. आणि गोठ्यातून आला की त्याचे हात साबणानं धुवायचं काम सासूबाईंकडं द्या. तुम्ही सांगितलं तर ती कटकट होते, आजीनं धुतले तर ते लाड होतात.